वाढत्या वयाच्या मुलांचे आरोग्य आणि त्यांचा अभ्यास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरचे कोणी विद्वान पाहुणे बोलावतो. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी असे ठरविले की, मंडळातल्याच एखाद्या बाईने बोलावे, आणि तो विडा माझ्या हाती दिला. मी सातवी शिकलेली. माझ्या माहेरच्या गावी शाळा तेवढ्यापर्यंतच होती. तेव्हा फार मोठे विचार मला मांडता येणार नाहीत. पण माझा मुलगा यंदा बारावीला आहे, मुलगी नववीला आहे. त्यांच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी चार वर्षे बसते. तिथे जे कानांवर पडले, आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून जे वहीत टिपून घेतले, आणि रोज चुलीपाशी उभे राहून जे कळले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

पालकांच्या सभेत एक शब्द हमखास ऐकू येतो : “लक्ष नाही.” गुरुजी म्हणतात, वर्गात ह्याचे लक्ष नाही. आई म्हणते, घरी पुस्तकात लक्ष नाही. मग ‘लक्ष’ वाढविण्यासाठी आणखी एक शिकवणी लावतात, हजारो रुपयांची फी भरतात, चार माणसांत मुलाला बोल लावतात. पण हा मुलगा रात्री किती वाजता निजला, सकाळी काय खाऊन आला, मागच्या बाकावरून त्याला फळा दिसतो का, ही मुलगी शाळेत पाणी पिते का, तिच्या अंगात रक्त किती आहे, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, वाढत्या मुलाला किंवा मुलीला आळशी म्हणण्याआधी, मठ्ठ म्हणण्याआधी, आपण आधी त्याच्या शरीराकडे पाहावे.

ही गोष्ट काही मी नवीन सांगत नाही. आपल्या कऱ्हाडजवळच्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे १९२४ साली साताऱ्याला गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांना पुस्तके मिळाली, गुरुजी मिळाले. पण मुले उपाशी ठेवून शिकविता येत नाहीत. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले, हे आपल्या भागात लहान पोराला ठाऊक आहे. अक्षराच्या आधी भाकरी लागते, हे त्या माउलीने ओळखले होते. आपल्यावर आज दागिने मोडण्याची पाळी नाही. आपल्याला फक्त थोडे लक्ष द्यायचे आहे, आणि ते लक्ष आधी आपले हवे, मग मुलांचे.

आता पहिली गोष्ट, सकाळच्या खाण्याची. आपल्या घरी रात्रीचे जेवण साधारण नऊला होते. मुलांची शाळा सकाळी सातची. सहा वाजता मूल कपभर चहा पिऊन, फार तर त्यात दोन बिस्किटे बुडवून निघते. मधली सुट्टी दहाच्या सुमारास. म्हणजे रात्री नऊ ते सकाळी दहा, तेरा तास त्याच्या पोटात अन्न असे काही नाही. आपण एकादशी करतो तेव्हासुद्धा साबुदाण्याची खिचडी खातो! डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की, मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने सबंध शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा असतो, पण खाणे मात्र पाचव्या हिश्शाचे घेतो. वाढत्या वयात शरीराची मागणी आणखीच असते. अशा वेळी सकाळच्या दुसऱ्या तासाला बीजगणित डोक्यात शिरत नाही, ह्यात बीजगणिताचा काय दोष?

कोणी म्हणेल, सकाळी सहाला मुलांना भूकच लागत नाही. खरे आहे. उशिरा जेवून, उशिरा निजून, घाईत उठलेल्या पोटाला भूक कशी लागणार? रात्रीचे जेवण आठला आणले की, आठ-दहा दिवसांत सकाळची भूक आपोआप येते. आणि त्यासाठी फार खटाटोप नको. रात्रीची शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकावी, वर शेंगदाण्याचे कूट घालावे. ताकातली भाकरी, नाचणीची आंबील, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, हुलग्याचे माडगे, उकडलेले अंडे चालत असेल तर अंडे; ह्यांतले काही ना काही प्रत्येक घरी असते. पाच रुपयांची कुरकुरीत पुडी पोट फुगविते, भरीत नाही. आणि ज्यांना सकाळी अगदीच गिळवत नाही, त्यांच्या दप्तरात पहिल्या सुट्टीचा लाडू घालावा.

इथे एक गोष्ट आपल्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. शाळेत शिजविलेले दुपारचे जेवण मिळते, ते आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलाला त्या एका जेवणातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा शासनाचा नियम आहे. मूल नववीत गेले की ते जेवण बंद. म्हणजे ज्या वर्षी अंग झपाट्याने वाढते, मुलींची पाळी नियमित सुरू झालेली असते, मुलग्यांना मिसरूड फुटते, आणि दहावीची तयारी सुरू होते, नेमके त्याच वर्षी ताटातले एक जेवण निघून जाते. ज्या घरातली आई सकाळीच कामावर जाते, तिथे ते जेवण भरून कोण काढणार? नववीत एकाएकी मूल मागे पडले, असे आपण म्हणतो. अभ्यास कठीण झाला हे एक कारण असेल. पण डबा कमी झाला, हे दुसरे कारण कोणी मोजलेलेच नसते.

दुसरी गोष्ट मुलींच्या रक्ताची. ती सांगताना मला थोडा वेळ लागेल, कारण माझ्या मते आजच्या भाषणातली हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

२०१९ ते २०२१ ह्या काळात देशभर घरोघरी जाऊन आरोग्याची पाहणी झाली. त्यात १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याच वयाच्या मुलग्यांत हा आकडा ३१ होता. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे आज ह्या सतरंजीवर आपण बसलो आहोत, त्यांतल्या दर दोघींत एक.

रक्तातला तांबडा पदार्थ, ज्याला हिमोग्लोबिन म्हणतात, तो श्वासातला प्राणवायू सर्व अंगाला आणि मेंदूला पोहोचवितो. तो तयार होण्यास लोह लागते. वयात येणाऱ्या मुलीचे अंग वाढत असते म्हणून लोह जास्त लागते, आणि दर महिन्याला पाळीत रक्त जाते म्हणून ते कमीही होते. बारा वर्षांवरच्या मुलीचे हिमोग्लोबिन निदान १२ हवे. ते नऊवर, आठवर आले की मुलगी जिना चढताना धापा टाकते, डोके दुखते म्हणते, पुस्तक घेऊन बसते आणि तिथेच पेंगते. दहा ओळी वाचते आणि अकराव्या ओळीला पहिली विसरते. आपण म्हणतो, हिचे डोकेच चालत नाही.

अमेरिकेत बाल्टिमोर नावाच्या शहरी माध्यमिक शाळेतल्या मुलींवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९९६ साली छापून आला. त्या मुलींना रक्तक्षय झालेला नव्हता, केवळ अंगातला लोहाचा साठा कमी होता. त्यांतल्या काहींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. आठ आठवड्यांनी शब्द लक्षात ठेवण्याची परीक्षा घेतली, तेव्हा लोह घेतलेल्या मुली सरस ठरल्या. रक्तक्षय नसतानाही एवढा फरक पडतो, तर आपल्या आठ-नऊ हिमोग्लोबिनच्या लेकींचे काय होत असेल, ह्याचा विचार करा.

हे वाचलेले झाले. आता पाहिलेले सांगते. नाव सांगत नाही, कारण मुलगी आपल्यातलीच आहे. आई पहाटे कामावर जाणारी. मुलगी साडेचारला उठे, पाणी भरी, धाकट्या भावाचे डबे करी, स्वतः चहात पोळी बुडवून खाई आणि शाळेत जाई. नववीत दोन-तीन विषयांत ती नापास झाली. शाळेतून निरोप आला की मुलगी वर्गात झोपते. घरी बोलणे सुरू झाले, हिच्या नशिबात शिक्षण नाही. एक स्थळ चालून आले आहे, तर उरकून टाकू. मुलगी पंधरा वर्षांची. अठराच्या आत लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत होते. पण ‘शिकत तर नाहीच’ ह्या एका वाक्याने सर्वांची तोंडे बंद केली होती.

मी व आपल्या मंडळाच्या आणखी एक भगिनी, आम्ही दोघी तिच्या आईला भेटलो. लग्नाचा विषय आम्ही आधी काढलाच नाही. एवढेच म्हटले, “वहिनी, लेक फार पांढुरकी दिसते. एकदा रक्त तपासून आणू या.” तपासणी फुकट झाली. हिमोग्लोबिन ८.४ आले. डॉक्टरीणबाईंनी जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि आईला समोर बसवून सांगितले, “तुमची मुलगी मठ्ठ नाही. तिची गाडी तेलावाचून चालली आहे.” तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. पाणी भरण्याचे काम भावाने निम्मे वाटून घेतले. मुलगी पुरवणी परीक्षेस बसली आणि नववी निघाली. पहिला नंबर वगैरे काही आला नाही. गणितात काठावरच पास झाली. पण ती आज दहावीच्या वर्गात बसली आहे आणि स्थळाची गोष्ट कोणी काढीत नाही. मैत्रिणींनो, त्या घरात त्या मुलीचे सबंध आयुष्य एका रक्ताच्या थेंबावर अडले होते. असे थेंब आपल्या पेठेत आणखी किती घरांत असतील?

मागे पडणारी प्रत्येक मुलगी रक्तक्षयानेच मागे पडते, असे मी म्हणत नाही. कोणाला गणित जमत नाही, कोणाला घरची काळजी असते. पण जे कारण सुईच्या एका टोचणीने कळते आणि फुकटच्या गोळीने बरे होते, ते तरी आधी तपासून घ्यावे.

ह्या गोळ्यांबद्दल आपल्यात बरेच गैरसमज आहेत, म्हणून स्पष्ट बोलते. शाळेत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात. मुली ती गोळी ओढणीत लपवितात आणि मोरीत टाकतात. कारण काय, तर मळमळते आणि शौचाला काळे होते. काळे होणे हे लोहामुळे असते, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळू नये म्हणून गोळी जेवणानंतर घ्यावी. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास चांगले. गोळ्या घेऊनही रक्त वाढले नाही, तर मात्र घरचे उपाय करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. त्याला दुसरे कारण असू शकते.

आणि रोजच्या जेवणात काय? बाजरी, मटकी, हुलगे, अळीव, राजगिरा, तीळ, माठ आणि मेथी. पालेभाजीतले लोह एकटे फारसे अंगी लागत नाही, म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. थंडीत आवळा, पेरू हवा. भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणाबरोबर व जेवण झाल्याबरोबर चहा घेऊ नये, तासभर थांबावे. हे सगळे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होतेच.

पण एक गोष्ट आजीच्याही स्वयंपाकघरात चुकीची होती, ती आपणच बदलली पाहिजे. आपल्याकडे मटण होते त्या दिवशी फोडी पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात पडतात, आणि मुलींच्या व आपल्या ताटात रस्सा. मुलाला दूध आणि मुलीला चहा. मुलगा आधी जेवतो, मुलगी आईबरोबर शेवटी. मी कोणाला दोष देत नाही. हाताला तशी सवय आहे. पण ५९ आणि ३१ हे जे दोन आकडे मी मघाशी सांगितले, त्यांतले काही अंतर देवाने घातलेले असले, तरी काही अंतर आपल्या पळीने घातलेले आहे. मुलीला आपण ‘जेव’ म्हणतो आणि स्वतः शेवटी उरलेसुरले खातो. ती आपले ऐकत नाही, आपल्याकडे पाहते. म्हणून लेकीसाठी तरी आपण तिच्या शेजारी बसून, तिच्यासारखेच ताट वाढून घेऊन जेवावे.

तिसरी गोष्ट झोपेची. इथे मुलगे आणि मुली दोघेही सापडले आहेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे शास्त्र जाणणारे डॉक्टर सांगतात. आता हिशेब करा. सातची शाळा असेल तर साडेपाचला उठायला हवे. आठच तास झोप धरली, तरी साडेनऊला अंथरुणावर पडायला हवे. आपल्या घरी साडेनऊला काय चालू असते? दूरदर्शनसंचावर मालिका चालू असते, आणि मुलगा पांघरुणात मोबाईल घेऊन असतो. बारा वाजता निजणारा मुलगा साडेपाचला उठला की, रोज अडीच तासांचे कर्ज होते. सहा दिवसांत पंधरा तास. सावकाराचे कर्ज फिटेल, हे फिटत नाही.

दिवसा जे शिकलो ते डोक्यात पक्के बसण्याचे काम झोपेत होते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास पहाटेच्या रांगोळीसारखा असतो. दुपारपर्यंत पुसून जातो. मला मात्र एका गोष्टीचे नवल वाटले. वयात येताना मुलांच्या शरीरातले घड्याळच तास-दोन तास पुढे सरकते. त्यांना रात्री झोपच उशिरा येते आणि सकाळी जाग येत नाही. म्हणजे सकाळी हाका मारूनही न उठणारे पोर नुसते आळशीच असते असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने ह्याच कारणासाठी कायदा केला, आणि २०२२ सालापासून तिथल्या मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आत भरत नाहीत. आपल्या शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत असे ठरविले. पण मोठी मुले त्यात आली नाहीत. तेव्हा त्यांची सोय आपल्यालाच पाहिली पाहिजे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. दहाच्या आधी मोबाईल घराच्या एका ठिकाणी जमा व्हावेत, आणि त्यांत आईबापांचेही मोबाईल असावेत. नाहीतर मुले आपले ऐकणार नाहीत, आणि का ऐकावे? सकाळी उठल्यावर दहा मिनिटे उन्हात, गच्चीवर किंवा अंगणात जावे. सूर्याच्या उजेडाने ते पुढे गेलेले घड्याळ थोडे मागे येते.

चौथी गोष्ट डोळ्यांची व कानांची. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजारच्या मुलाच्या वहीत पाहून लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ती स्वतः होऊन सांगत नाहीत, कारण सगळ्यांनाच असे अंधुक दिसते अशी त्यांची समजूत असते. डोळे बारीक करून पाहणे, पुस्तक नाकाशी नेणे, वारंवार डोके दुखणे, ही खूण ओळखावी. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्याची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेली असते. ती शोधून वाचावी. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, असे म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांना एवढेच विचारावे की, आंधळी कोशिंबीर खेळत दहावी कशी व्हावी?

पाचवी गोष्ट बोलताना आपण संकोचतो. आपल्या मुली शाळेत पाणी पीत नाहीत. पाण्याची बाटली भरून नेतात आणि भरलेलीच परत आणतात. का, तर शाळेतल्या मुतारीला कडी नाही, पाणी नाही, घाण आहे. सहा-सात तास पाणी न पिता बसल्या की डोके दुखते, लघवीला जळजळते. पाळीच्या दिवसांत तर तीन-तीन दिवस शाळाच बुडते. महिन्याला तीन दिवस धरले, तर दहा महिन्यांत तीस दिवस, म्हणजे सबंध एक महिन्याची शाळा गेली. तेवढ्या दिवसांत झालेले दोन धडे आणि एक समीकरण तिला पुढे कधीच भेटत नाही. एका कडीची किंमत किती? एका झाकणाच्या डब्याची किंमत किती?

सहावी गोष्ट खेळाची. दहावीचे वर्ष आले की आपण पहिल्यांदा खेळ बंद करतो, आणि शाळा कवायतीच्या तासाला गणित घेते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज निदान एक तास अंग घामाघूम होईल अशी हालचाल हवी. खेळलेल्या मुलाला भूक लागते, झोप लागते, आणि मन मोकळे होते. मुलीला पाळी आली की तिची दोरीउडी, लंगडी, सायकल सगळे बंद होते. तेराव्या वर्षी जी पळायची थांबली, तिला चाळिशीत गुडघे धरून बसलेली आपण इथे पाहतोच आहोत.

आणि शेवटची गोष्ट, जरा कडू. कायद्याने शाळेपासून शंभर वार अंतरात तंबाखू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती विकणे हाही गुन्हा आहे. गुटख्याला तर आपल्या राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे. तरी मुलांच्या खिशात पुड्या सापडतात. आपण दुकानदाराला नावे ठेवतो, ती ठेवलीच पाहिजेत. पण आपल्यातल्याच कितीजणी सकाळी मिश्री लावल्याशिवाय चुलीकडे वळत नाहीत? मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. आईच्या बोटाला मिश्री असताना मुलाच्या गालातली पुडी काढायची कशी? ज्यांना ती सोडवत नसेल, त्यांनी लाजू नये; सरकारी दवाखान्यात त्यासाठीही सल्ला मिळतो.

आता मला ठाऊक आहे, मागे बसलेल्या काकू मनात काय म्हणत असतील. “आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, चटणी-भाकरी खाऊन शिकलो. कुठले हिमोग्लोबिन नि कुठले काय!” काकू, जे शिकले ते आज सांगायला आहेत. त्यांच्या बरोबरच्या बाकावर बसणारे जे चौथीत, सातवीत गळाले, त्यांची गणती कोणी ठेवली? त्यांतले कोणी भुकेने गळाले, कोणी फळा दिसला नाही म्हणून गळाले, आणि सगळ्यांना एकच नाव मिळाले, ‘डोके नव्हते’. कष्टाने माणूस घडते हे खरे. उपासाने मात्र घडत नाही.

दुसरी म्हणेल, आम्हाला ह्या सगळ्याला वेळ कुठे आहे? म्हणून नुसता उपदेश करून मी खाली बसणार नाही. एकटीला जड वाटते ते मंडळाला हलके जाते. तेव्हा चार सूचना कार्यकारिणीपुढे ठेवते.

पहिली : येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे व वाट्या वाण म्हणून देण्याऐवजी आपण अळिवाची किंवा राजगिऱ्याची पुडी, आणि ज्यांना परवडेल त्यांनी लहानशी लोखंडी कढई द्यावी. त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाईंना बोलावून, आलेल्या प्रत्येक मायलेकीचे रक्त तपासून घ्यावे. ओटी भरताना सौभाग्य मागतो, तसेच रक्तही मागावे.

दुसरी : मंडळातर्फे पाचजणींनी शाळेत जाऊन मुलींच्या मुतारीला कडी, पाणी आणि झाकणाचा डबा ह्यांची मागणी करावी. भांडायला नव्हे, हातभार लावायला जावे. खर्च थोडा असेल तर आपल्या भिशीतून तो सहज निघेल.

तिसरी : ज्या घरी आई पहाटे कामावर जाते, अशा नववी-दहावीच्या मुलांसाठी परीक्षेच्या तीन महिन्यांत शेजारणींनी पाळीपाळीने सकाळची एक भाकरी जास्त थापावी. पूर्वी गरीब विद्यार्थी सात घरी सात वार जेवून शिकत, ती रीत आपल्या वाडवडिलांची आहे. आपण ती जातपात न पाहता आणि मुलगा-मुलगी न पाहता पुन्हा सुरू करू.

चौथी : रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावू नये, असा २००० सालापासून नियम आहे. उत्सवातल्या मोजक्या सवलतीच्या रात्री सोडल्या, तर एरवीच्या वाढदिवसांना आणि वरातींना आपल्या गल्लीत तो पाळला जावा, म्हणून आपल्याच घरातल्या तरुण मंडळींना आपण सांगावे. ते पोलिसांचे ऐकणार नाहीत कदाचित, पण आईचे ऐकतील.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या फार थोड्या जणींना मुलांचे गणित शिकविता येते. मला तर मुलीच्या नववीच्या पुस्तकातली पहिली दोन पानेसुद्धा कळत नाहीत. तरीही तिच्या अभ्यासातला एक मोठा भाग माझ्या हातात आहे, हे जेव्हा मला कळले, तेव्हा मला फार धीर आला. इंग्रजी न येणारी आई वेळेवर जेवण वाढू शकते, दिवा वेळेवर मालवू शकते, रक्त तपासायला नेऊ शकते, आणि ‘मठ्ठ’ हा शब्द आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवू शकते. त्याला पदवी लागत नाही.

बाहेर पंगतीची तयारी झाली आहे. आज एक करा : आपापल्या लेकींना पहिल्या पंगतीला बसवा, आणि स्वतःही त्यांच्या शेजारी बसा. वाढायला आज पुरुष मंडळी तयार आहेत, असे मी विचारून घेतले आहे.